भिक्षू, दान आणि सेवा : तैवानमधील एका भिक्षुणीसंघाचे उदाहरण

१

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी बौद्ध धर्माच्या आधुनिक अभ्यासकापुढे चार प्रश्न ठेवले आहेत. त्यांतील शेवटचा प्रश्न भिक्षूसंबंधी आहे. भिक्षू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू कोणता होता? स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य घडवावा, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक असा समाजसेवक घडवावा? बाबासाहेबांचा कल स्पष्ट आहे. केवळ परिपूर्ण झालेला भिक्षू त्यांना धम्मप्रसाराच्या दृष्टीने निरुपयोगी वाटतो; समाजसेवक झालेल्या भिक्षूच्या ठिकाणी मात्र त्यांना बौद्ध धर्माची आशा दिसते.

हा प्रश्न जितका तात्त्विक आहे तितकाच व्यावहारिकही आहे. आधुनिक काळातील सेवाकार्य म्हणजे नोंदणीकृत संस्था, हिशेब, रुग्णालये, स्वयंसेवकांच्या तुकड्या आणि देणग्यांचा ओघ. अशा संस्थेच्या संदर्भात भिक्षूचे स्थान काय असावे? दोन सोपे मार्ग दिसतात. एक म्हणजे भिक्षूने समारंभापुरते येऊन आशीर्वाद द्यावा. दुसरा म्हणजे त्याने स्वतःच व्यवस्थापक व्हावे. पहिल्या मार्गाने तो संस्थेचे भूषण होतो, दुसऱ्याने तो भिक्षू राहत नाही. या दोहोंहून वेगळी अशी तिसरी शक्यता आहे काय, याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत लेखात तैवानमधील ‘त्झू ची’ या संस्थेचे उदाहरण घेतले आहे. १९६६ साली एका भिक्षुणीने मोजक्या शिष्या आणि तीस गृहिणी यांच्या साहाय्याने सुरू केलेले हे कार्य आज जगातील मोठ्या बौद्ध सेवासंस्थांत गणले जाते. त्याच्या विस्ताराची मोजदाद करणे हा या लेखाचा हेतू नाही. भिक्षुणींचे मार्गदर्शन या कार्यात नेमके कोणत्या रीतीने उतरते आणि त्याला कोणत्या मर्यादा पडतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम दानाच्या जुन्या व्यवस्थेचा विचार केला पाहिजे. विनयाच्या चौकटीत भिक्षू हा घेणारा आणि उपासक हा देणारा. उपासकाने अन्न, चीवर, निवास आणि औषध द्यावे. भिक्षूने धर्म सांगावा. संघ हे पुण्याचे क्षेत्र. त्यात पेरलेले दान दात्याला फळ देते. या व्यवस्थेत दरिद्री मनुष्याला दिलेल्या दानाचे मोल नाकारलेले नाही, तथापि श्रेष्ठ क्षेत्राचा मान संघाला आहे.

अर्थात ही चौकट वाटते तितकी बंदिस्त कधीच नव्हती. रोगी भिक्षूची शुश्रूषा बुद्धाने स्वतः केल्याची आणि रुग्णसेवेला आपल्या सेवेइतके महत्त्व दिल्याची कथा ‘महावग्गा’त आहेच. महाराष्ट्रातील लेण्यांचे शिलालेख तर आणखी एक गोष्ट सांगतात. कान्हेरी, कार्ले, कुडा येथील दानलेखांत व्यापारी, कारागीर, गृहपती यांच्या जोडीने भिक्षू आणि भिक्षुणीही दाते म्हणून येतात. ज्यांनी केवळ घ्यावे असे नियम सुचवितो, त्यांनी लेणी, पाण्याची टाकी, स्तंभ यांसाठी दिल्याचे दगडात कोरलेले आहे. चीनमध्ये पुढे पुण्यक्षेत्राच्या कल्पनेचाच विस्तार झाला. रोगी आणि दरिद्री यांना ‘करुणाक्षेत्र’ मानले गेले आणि त्याच नावाने तांग राजवटीत विहारांशी संलग्न अशी रुग्णाश्रयस्थाने चालविली गेली. तेव्हा सेवा करणारी भिक्षुणी ही विसाव्या शतकाने पश्चिमेकडून उसनी घेतलेली कल्पना आहे, असे म्हणता येत नाही.

तरीही विसाव्या शतकाच्या प्रारंभी चिनी बौद्ध विहारांचे जीवन मुख्यतः मृतांसाठी करावयाच्या विधींवर आणि त्यांच्या दक्षिणेवर चालत होते. याविरुद्ध ताई शू (१८९०–१९४७) या भिक्षूने आवाज उठविला. धर्माचे तोंड मृतांकडून आणि देवलोकाकडून जिवंत माणसांकडे वळवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्यवत् सहकारी यिन शुन (१९०६–२००५) यांनी या आग्रहाला विद्वत्तेची बैठक दिली. आगमग्रंथ आणि नागार्जुन यांच्या अभ्यासातून भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास त्यांनी नव्याने मांडला. भारतातील बौद्ध धर्मावरचा त्यांचा ग्रंथ १९४२ चा आहे. बुद्ध हा देव नसून मनुष्यलोकात मनुष्य म्हणून बुद्धत्व पावलेला पुरुष आहे आणि बोधिसत्त्वमार्गही मनुष्यलोकातच आचरावयाचा आहे, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. याच दशकांत भारतात बाबासाहेब बुद्धाच्या मनुष्यत्वावर भर देत होते. दोघांचे संदर्भ भिन्न आहेत. एकापुढे कर्मकांडात गुंतलेला जिवंत संघ होता. दुसऱ्यापुढे जातिव्यवस्थेने पिचलेला समाज होता आणि संघ जवळजवळ नव्हताच. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३

त्झू चीच्या संस्थापिका चेंग येन यांचा जन्म १९३७ साली तैवानच्या मध्यभागातील चिंगश्वी या गावी झाला. १९६० साली वडिलांच्या आकस्मिक मृत्यूनंतर त्या संन्यासाकडे ओढल्या गेल्या. काही काळ भटकून त्या पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएन या त्या वेळी गरीब आणि दुर्गम असलेल्या प्रदेशात आल्या आणि कोणाही गुरूकडून दीक्षा न घेता त्यांनी स्वतःच केस उतरविले. १९६३ साली त्या उपसंपदेसाठी तैपेईस गेल्या असता, ताई शू यांचे समग्र वाङ्मय विकत घेताना तेथे त्यांची यिन शुन यांच्याशी गाठ पडली. उपसंपदेसाठी गुरूची आवश्यकता होती आणि वेळ थोडा होता. यिन शुन यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले आणि धर्मासाठी व सर्व प्राणिमात्रांसाठी जगण्याचा अगदी संक्षिप्त उपदेश केला. गुरुशिष्यांचा तो संवाद काही मिनिटांचाच असेल. परंतु संस्थेचे पुढील सारे वाङ्मय त्या उपदेशाचे भाष्य आहे, असे मानले जाते.

ह्वालिएनला परतल्यावर त्या एका छोट्या लाकडी खोपटात ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राचे पठन करीत राहिल्या. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी तीन गोष्टी टाळण्याचे ठरविले : विधी करून दक्षिणा घ्यावयाची नाही, धनप्राप्तीसाठी धर्मसमारंभ करावयाचे नाहीत आणि भिक्षा मागावयाची नाही. उपजीविका श्रमातून करावयाची. शेती, शिवण, विणकाम, लहान मुलांचे जोडे तयार करणे अशी कामे त्यांनी केली. पुढे या भिक्षुणींचा ‘चिंग-सी’ निवास उभा राहिला, मेणबत्त्या आणि धान्याचे पीठ अशी उत्पादने आली. परंतु तत्त्व बदलले नाही. सेवासंस्थेकडे येणाऱ्या देणगीतून भिक्षुणींचा निर्वाह चालत नाही. त्यांचे अन्न त्यांच्या श्रमाचे, आणि सेवाकार्यातील त्यांचे श्रम बिनवेतनी.

संस्थेच्या स्थापनेविषयी दोन प्रसंग सांगितले जातात. १९६६ साली एका दवाखान्याच्या फरशीवर रक्ताचे थारोळे पाहून चेंग येन यांनी चौकशी केली, तेव्हा अनामत रक्कम भरता न आल्याने एका आदिवासी स्त्रीला उपचाराविना परत नेल्याचे त्यांना कळले, असा पहिला प्रसंग. या कथेच्या तपशिलावरून पुढे न्यायालयात वाद झाला आणि निकाल चेंग येन यांच्या विरुद्ध गेला, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवे. संस्थापनेच्या कथा या एकाच वेळी इतिहास आणि धर्मकथा असतात. त्यांचे वाचन त्या जाणिवेनेच केले पाहिजे. दुसरा प्रसंग तीन कॅथलिक जोगिणींच्या भेटीचा आहे. बौद्ध लोक सर्व प्राणिमात्रांच्या उद्धाराची भाषा बोलतात, मग त्यांनी काढलेल्या शाळा आणि रुग्णालये कोठे आहेत, असा प्रश्न त्यांनी केला. चेंग येन यांना त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देता आले नाही.

४

भिक्षुणीचे मार्गदर्शन म्हणजे काय, हे संस्थेच्या पहिल्याच नियमातून कळते. प्रत्येक भिक्षुणीने रोज लहान मुलांच्या जोड्यांचा एक जोड जास्त शिवावा आणि प्रत्येक गृहिणीने भाजीपाल्याच्या पैशांतून रोज अर्धा तैवानी डॉलर बांबूच्या नळकांड्यात टाकावा, अशी योजना होती. रोज अर्धा डॉलर टाकण्याऐवजी महिन्याचे पंधरा डॉलर एकदम दिले तर चालणार नाही काय, अशी शंका एकीने काढली. रक्कम तीच होते. परंतु चेंग येन यांनी ती सूचना मानली नाही. महिन्यातून एकदा दिले तर दानाचा विचार महिन्यातून एकदाच मनात येईल. रोज दिले तर रोज घराबाहेर पडण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुःखाचे स्मरण होईल, हे त्यांचे म्हणणे होते.

निधी गोळा करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाने येथे पंधरा डॉलरचा पर्याय स्वीकारला असता. हिशेबाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे. भिक्षुणीची दृष्टी दानाच्या रकमेवर नसून देणाऱ्याच्या चित्तावर आहे. मराठी वाचकाला येथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘रयत’मधील मुष्टिफंड आठवेल. दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढणाऱ्या स्त्रीला वसतिगृहातील मुलाचे स्मरण होत असे. तेथे ती चळवळीची गरज होती, येथे ती साधना आहे. परंतु दोन्ही ठिकाणी दान हे श्रीमंतांचे कार्य न राहता रोजच्या गृहकृत्याचा भाग होते. पुढे ह्वालिएनमध्ये रुग्णालयाची उभारणी करताना एका परदेशी उद्योगपतीने एकट्याने सर्व खर्च देऊ केला असता तो नाकारण्यात आला, असे संस्थेच्या इतिहासात सांगितले जाते. त्यामागेही अनेकांचे अल्प दान एकाच्या मोठ्या दानापेक्षा श्रेष्ठ ठरविणारा हाच विचार आहे. ते रुग्णालय १९८६ साली सुरू झाले आणि रुग्णाकडून अनामत रक्कम घेण्याची प्रथा तेथे ठेवण्यात आली नाही.

मार्गदर्शनाचे दुसरे साधन म्हणजे शब्द. ‘त्झू’ हे अक्षर चिनी भाषांतरकारांनी ‘मैत्री’ या संस्कृत शब्दासाठी वापरलेले; ‘ची’ या अक्षरात साहाय्य करणे आणि पाण्यापलीकडे नेणे हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या ‘तारणे’ या क्रियापदात हाच दुहेरी अर्थ आहे. चेंग येन यांची पहाटेची प्रवचने आणि सकाळची स्वयंसेवकांपुढील भाषणे हा या कार्याचा नित्यक्रम होय. त्यांतील छोट्या वचनांचा संग्रह १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि विहाराबाहेरही, शाळांमध्ये आणि घरोघरी पोहोचला. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हा वाङ्मयप्रकार अपरिचित वाटू नये. बोललेला शब्द शिष्यांनी टिपून घ्यावा, त्याचे लहान लहान तुकडे लोकांच्या तोंडी रुळावेत आणि मग ग्रंथ व्हावा, ही परंपरा आपल्याकडे महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’पासून आहे. फरक इतकाच की येथे वचनांचा विषय मोक्षाइतकाच रुग्णालयातील रात्रपाळी, कचऱ्याचे वर्गीकरण आणि घरातील बोलण्याचा सूर हाही आहे. १९९० साली एका भाषणानंतर श्रोते टाळ्या वाजवीत असता, हेच हात कचरा वेचण्यासाठी वापरा, असे चेंग येन यांनी सुचविले; तेव्हापासून वृद्ध स्त्रीपुरुषांनी चालविलेली टाकाऊ वस्तूंच्या वर्गीकरणाची केंद्रे तैवानभर उभी राहिली.

तिसरे साधन म्हणजे शील. संस्थेत दीक्षित होणाऱ्या स्वयंसेवकाला दहा नियम पाळावे लागतात. त्यांतील पहिले पाच म्हणजे परिचित पंचशील. उरलेले पाच आधुनिक तैवानच्या जीवनातून आलेले आहेत : धूम्रपान, मादक द्रव्ये आणि सुपारी यांचा त्याग, जुगार आणि सट्टा यांचा त्याग, मातापित्यांची सेवा आणि सौम्य वाणी, वाहतुकीच्या नियमांचे पालन, आणि राजकारणात व निदर्शनांत भाग न घेणे. वाहतुकीचा नियम शीलात आलेला पाहून प्रथम हसू येते. परंतु विनयातील नियमही अशाच रोजच्या अडचणींतून एकेक करून निर्माण झाले होते, हे आठवले म्हणजे या रचनेची जात ओळखू येते.

५

या तिन्ही साधनांचा परिणाम दान देण्याच्या प्रत्यक्ष क्षणी दिसतो. संस्थेचे स्वयंसेवक आपत्तीच्या ठिकाणी शक्यतो स्वतः जातात, प्रवासाचा खर्च स्वतः करतात आणि मदत हातात देतात. देताना ते कमरेत वाकतात आणि घेणाऱ्याचे आभार मानतात. या आभाराला ‘गान-अन’ म्हणजे कृतज्ञता असे म्हणतात. सेवेची संधी घेणाऱ्याने दिली, म्हणून ऋणी देणारा आहे.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. दानात देणारा उंच आणि घेणारा खाली, ही उतरंड जवळजवळ अटळ असते. घेणाऱ्याच्या मनावर तिचा ओरखडा उमटतो. ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके उष्टे आणि उतरलेले घेतले, त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देणाऱ्याने वाकावे या आचाराने ती उतरंड नाहीशी होत नाही, पण देणाऱ्याला तिची जाणीव राहते. आणि हा आचार भिक्षुणी शिकवू शकतात, कारण भिक्षुणी स्वतः देणगीवर जगत नाहीत. त्या देणाऱ्यांच्या ऋणात असत्या तर देणाऱ्याला नम्र व्हावयास सांगण्याचे स्वातंत्र्य त्यांना उरले नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्झू चीच्या रचनेचे मर्म येथे आहे. मार्गदर्शनाचा अधिकार चीवरातून किंवा विद्वत्तेतून येत नसून संस्थेच्या धनापासून राखलेल्या अंतरातून येतो.

२०१३ साली फिलिपीन्समध्ये हैयान वादळाने टॅक्लोबान शहर उद्ध्वस्त केले. तेथे संस्थेने रहिवाशांना रोजंदारी देऊन त्यांच्याच वस्तीतील ढिगारे त्यांच्याकडून उपसून घेतले. लोक कॅथलिक होते आणि त्यांच्या चर्चच्या दुरुस्तीलाही संस्थेने साहाय्य केले. पुढे त्याच लोकांतील अनेकांनी इतर आपद्ग्रस्तांसाठी नाणी साठविण्यास आरंभ केला. म्यानमारमध्ये २००८ च्या नर्गिस वादळानंतर मदत मिळालेल्या शेतकऱ्यांनी रोज मूठभर तांदूळ बाजूला ठेवण्याची रीत सुरू केली. घेणारा देणारा झाला म्हणजेच दान पूर्ण झाले, अशी ही दृष्टी आहे.

चेंग येन यांनी यासाठी वापरलेली प्रतिमा अवलोकितेश्वराची आहे. सहस्र हात आणि सहस्र नेत्र असलेला बोधिसत्त्व म्हणजे पाचशे माणसे एकत्र आली की होणारी गोष्ट, असे त्या सांगत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात, संकटात सापडलेल्या माणसांना अभय देणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. ‘सद्धर्मपुंडरीका’त वर्णिलेली आग, जलप्रवास, चोर यांची भये तेथे त्याच्या दोन्ही बाजूंस दाखविली आहेत. त्या शिल्पांत माणसे हात जोडून वर पाहतात. ह्वालिएनच्या भिक्षुणीने त्या प्रतिमेतील हात खाली आणून माणसांच्या खांद्यांना जोडले, असे म्हणता येईल.

६

मात्र या उदाहरणाचे केवळ गुणगान करणे अभ्यासाला धरून होणार नाही. दहाव्या नियमाकडे पुन्हा वळले पाहिजे. राजकारण आणि निदर्शने यांपासून दूर राहण्याच्या नियमाला त्याचे कारण आहे. १९६६ मध्ये तैवानात लष्करी कायदा होता. तो १९८७ साली उठला. त्या काळात संघटित होणाऱ्या कोणत्याही मंडळाला सावध राहणे भाग होते. शिवाय या तटस्थतेमुळे पुढे परस्परांचे वैर असलेल्या राज्यांतही संस्थेला मदत नेता आली. १९९१ मध्ये तिने चीनमधील पूरग्रस्तांना साहाय्य केले. परंतु भूक आणि रोग यांना सामाजिक कारणे असतात, आणि ती बोलून दाखविण्याचे काम हा नियम दुसऱ्यावर सोपवितो.

याच ठिकाणी अमेरिकन भिक्षू बोधी यांचे उदाहरण विचारात घ्यावेसे वाटते. पाली निकायांचे भाषांतरकार म्हणून ते भारतीय विद्येच्या अभ्यासकांना परिचित आहेत. पाश्चात्त्य बौद्धांनी ध्यानात समाधान मानून जगातील दुःखाकडे दुर्लक्ष केले, अशी टीका त्यांनी २००७ साली एका लेखात केली. त्यातून पुढच्या वर्षी ‘बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफ’ ही भुकेविरुद्ध काम करणारी संस्था निघाली. करुणेला सदसद्विवेकाची आणि न्यायबुद्धीची जोड हवी, अन्यायकारक धोरणांविरुद्ध बोलणे हेही भिक्षूचे कर्तव्य आहे, असे ते मानतात. म्हणजे समाजसेवक भिक्षूचीही दोन रूपे आहेत : जखमेवर पट्टी बांधणारा, आणि जखम कोणी केली हे विचारणारा.

बाबासाहेबांच्या प्रश्नाकडे या दोन रूपांसह परतले म्हणजे त्याची धार अधिक जाणवते. त्यांच्या दृष्टीने दुःखाचा मोठा भाग मनुष्याने मनुष्यावर केलेल्या अन्यायातून येतो. तेव्हा केवळ मदत वाटणारा भिक्षू त्यांना पुरेसा वाटला असता काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. तथापि केवळ अन्यायाविरुद्ध बोलणारा आणि देणाऱ्याच्या चित्ताचा विचार न करणारा भिक्षूही इतर कार्यकर्त्यांहून वेगळा राहत नाही. यिन शुन यांच्या परंपरेपुढे संघ होता आणि तिने त्याला सेवेकडे वळविले. आपल्याकडे १९५६ नंतर धम्म आला, चळवळ आली. सेवेला आतून वळण देऊ शकेल असा संघ मात्र अल्प राहिला.

आणखी एक मर्यादा नमूद केली पाहिजे. त्झू चीतील मार्गदर्शन पुष्कळ अंशी एका व्यक्तीच्या शब्दावर उभे आहे. पहाटेचे प्रवचन, वचनसंग्रह, १९९८ पासूनची संस्थेची दूरचित्रवाणी, हे सारे एकाच आवाजाचे विस्तार आहेत. तो आवाज ग्रंथरूपाने उरेल. परंतु पंधरा डॉलर की रोज अर्धा डॉलर, असा नवा प्रश्न उपस्थित झाल्यावर ग्रंथ उत्तर देत नाही. त्यासाठी श्रमावर जगणारा आणि म्हणून निर्भयपणे सांगू शकणारा संघ हवा. संस्थापिकेच्या वचनांपेक्षा तिने घालून दिलेली जीवनपद्धती अधिक टिकाऊ ठरते की नाही, यावर या प्रयोगाचे यश अवलंबून आहे.

७

सारांश, प्रारंभी विचारलेल्या तिसऱ्या शक्यतेचे उत्तर होकारार्थी आहे, पण सशर्त. भिक्षू सेवासंस्थेचे भूषण न होता आणि व्यवस्थापनात विरघळून न जाता तिचा मार्गदर्शक होऊ शकतो. त्यासाठी त्याने संस्थेच्या धनापासून अंतर राखले पाहिजे आणि देणाऱ्याच्या चित्ताला वळण लावण्याचे काम रोजच्या आचारातून केले पाहिजे. परिपूर्ण मनुष्य आणि समाजसेवक यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, असे या उदाहरणावरून दिसत नाही. उलट स्वतःला घडविण्याची शिस्त हीच सेवेची शिस्त होऊ शकते, असे दिसते.

दुःखाच्या सामाजिक कारणांचा प्रश्न मात्र या उदाहरणाने सुटत नाही, आणि भारतीय वाचकाला तो सोडून देता येत नाही. अलीकडच्या वर्षांत, २०२२ नंतर, त्झू चीचे स्वयंसेवक लुंबिनी आणि बोधगया या परिसरांत, बुद्धाच्याच भूमीतील दरिद्री वस्त्यांत काम करू लागले आहेत. तेथे त्यांना भूक भेटेल, आणि तिच्यासोबत जातही भेटेल. वाकून दिलेले दान जातीपुढे किती पुरे पडते, याचे उत्तर त्या वस्त्यांतील माणसांना विचारूनच लिहावे लागेल.